आगाशिवच्या लेण्यांची वाट आणि आपले आश्वासन : मंत्रिमहोदयांस खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सविनय नमस्कार.

गेल्या वर्षी कराडच्या जाहीर सभेत आपण आगाशिव डोंगरावरील लेण्यांची वाट दुरुस्त करण्याचे, अवघड जागी कठडा बसवण्याचे आणि तेथे कायमचा पहारेकरी नेमण्याचे आश्वासन दिले होते. त्यावर विश्वास ठेवून गेल्या रविवारी आम्ही जखिणवाडीकडून डोंगर चढलो आणि उतरताना सुट्या मुरुमावरून पाय घसरून माझ्या पत्नीचा घोटा मोडला. कठडा नव्हता, पहारेकरी नव्हता, साधी प्रथमोपचाराची पेटीही नव्हती. गावातील चार तरुणांनी चादरीची झोळी करून तिला खाली आणले. त्यांचे ऋण मी विसरणार नाही.

शस्त्रक्रिया झाली. खर्च लाखाच्या घरात गेला. घरातले सगळे दोन्ही हातांनी करणारी बाई आज पाण्याच्या पेल्यासाठी हाक मारते आणि रात्री कण्हत जागी असते. मला त्यासाठी आपल्याकडून एक रुपयाही नको; दिलेला शब्द मात्र पाळलेला हवा.

ती लेणी आपण एकदा स्वतः येऊन पाहा. मध्य प्रदेशातील भारहुतच्या प्राचीन बौद्ध स्तूपावर दान देणाऱ्यांची नावे कोरलेल्या लेखांत ज्या करहकट नगराचे नाव येते, त्या आपल्या कराडच्या डोंगरात सुमारे २००० वर्षांपूर्वी साठाहून अधिक लेणी कोरली गेली. दगड ठिसूळ असल्याने कोरीवकाम थोडे आहे, पण भिक्षूंच्या खोल्या आणि त्यांतील निजायचे दगडी ओटे अजून हाताला लागतात. पाचव्या लेण्यातील स्तंभांवर धर्मचक्र आणि सिंह आहेत. त्याच परिसरात कोणीतरी खिळ्याने बदाम कोरून त्यात दोन नावे घातली आहेत, शेजारी ऑइलपेंटने तारीख लिहिली आहे आणि एका ओट्यावर चूल पेटवल्याची काजळी थेट छतापर्यंत गेली आहे. घोट्याचे हाड जुळेल. खरवडलेला दगड पुन्हा भरून येत नाही.

१९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकाची नासधूस करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर दंडाची मर्यादा एक लाख रुपये झाली आहे. परंतु पाहायलाच कोणी नसेल, तर पकडणार कोण? कायदा करायचा, फलक लावायचा आणि पुढची जबाबदारी नागरिकावर सोडायची, ही आपल्या संपूर्ण व्यवस्थेची रीत झाली आहे. वाटेविषयी विचारले तर एक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते, दुसरे तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याकडे निधी नसतो. याच जिल्ह्यातील कास २०१२ मध्ये आणि प्रतापगड २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, याचा आम्हा सातारकरांना मनापासून अभिमान आहे. पण ज्या वारशाला यादीत जागा मिळाली नाही, त्याने ढासळत राहायचे काय? राज्यघटनेच्या ४९ व्या अनुच्छेदाने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाचे दायित्व राज्यसंस्थेवर टाकले आहे. त्यात प्रसिद्ध आणि अप्रसिद्ध असा भेद नाही.

पावसाळ्यात ही वाट आणखी निसरडी होते आणि शाळांच्या सहली त्यानंतर लगेच सुरू होतात. त्याआधी कठडा बसावा आणि पहारेकरी रुजू व्हावा. हे काम कोणत्या खात्याचे आहे आणि ते कोणत्या तारखेला सुरू होणार, एवढे आपण सहीनिशी लेखी कळवावे.

आपला,
कराड तालुक्यातील एक नागरिक