कुत्र्याचा मुतखडा: आधी प्रकार, मग पथ्य

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की मुतखड्यावरचे घरगुती उपाय पुरवण्यांतून आणि व्हॉट्सॲपवरून फिरू लागतात. कुळथाचे कढण, जवाचे पाणी, शहाळे, पानफुटीची पाने. माणसांना त्यांचा किती गुण येतो हे त्यातल्या जाणकारांनी सांगावे. पण हल्ली हेच उपाय घरातल्या म्हाताऱ्या कुत्र्यावरही होऊ लागले आहेत, म्हणून हे पत्र. पानफुटी कुत्र्याला अजिबात देऊ नये. तिच्या पानांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. उलट्या-जुलाब होतात आणि पाने जास्त पोटात गेली तर हृदयाचे ठोके बिघडतात. कुळीथ विषारी नाही, पण त्याने कुत्र्याचा खडा विरघळतही नाही. त्यातून कढणाला लसणाची फोडणी दिलेली असली तर तो वेगळाच ताप, कारण कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात.

माणसाचा खडा बहुधा मूत्रपिंडात धरतो, कुत्र्याचा बहुतेक वेळा मूत्राशयात. आणि कुत्र्यात 'मुतखडा' हा एकच आजार नसतो. जास्तीत जास्त आढळणारे प्रकार दोन: स्ट्रुव्हाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट. लक्षणे दोन्हींची सारखीच असतात. थोडी थोडी लघवी वारंवार होते, शेवटचे थेंब लालसर पडतात, घरात नको तिथे लघवी होते, कुत्रा पाय वर करून बराच वेळ जोर लावत उभा राहतो. उपचार मात्र जवळजवळ उलटे आहेत. 'स्टोनवालं फूड द्या' एवढ्या सल्ल्यावर दुकानातून पाकीट उचलणे, हीच सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

स्ट्रुव्हाइट मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा बनतो. कुत्र्यात त्याचे मूळ सहसा आहारात नसून जंतुसंसर्गात असते. काही जिवाणू लघवीतल्या युरियाचे विघटन करतात, त्यातून अमोनिया सुटतो, लघवी अल्कधर्मी होते आणि खडा धरतो. मादीत हा प्रकार जास्त दिसतो. ऑक्झलेट खडा मात्र आठ-दहा वर्षांपुढच्या, लहान चणीच्या नरांत अधिक; ल्हासा आप्सो, शिह त्झू, श्नाउझर, पॉमेरेनियन ही नेहमीची नावे. लघवीचा सामू (पीएच) सातच्या वर, कल्चरमध्ये (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत) जंतू आणि रुग्ण मादी असेल तर स्ट्रुव्हाइटचा अंदाज बांधता येतो. सामू सहाच्या आसपास, जंतू नाहीत आणि रुग्ण म्हातारा नर असेल तर ऑक्झलेटचा. दोन्ही खडे साध्या एक्स-रेमध्ये दिसतात. युरेट आणि सिस्टिन या कमी आढळणाऱ्या प्रकारांचे खडे एक्स-रेत निसटू शकतात, त्यासाठी सोनोग्राफी लागते. डाल्मेशियन कुत्र्यात जन्मजात दोषामुळे युरेट खडे होतात. त्याला काळीज, गुर्दा, बांगडा, तारली असे पदार्थ वर्ज्य, अंडे चालते. कमी वयाच्या कुत्र्यात युरेट आढळला तर यकृताची रक्तवाहिनी तपासावी लागते.

स्ट्रुव्हाइट विरघळतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांनी एकमताने दिलेल्या मार्गदर्शनातही स्ट्रुव्हाइटचा संशय असेल तर शस्त्रक्रियेआधी आहाराने खडा विरघळवण्याचा प्रयत्न करावा असेच म्हटले आहे. यासाठी खडा विरघळवणारा खास आहार आणि कल्चरनुसार निवडलेले प्रतिजैविक ही जोडी लागते. खड्याच्या थरांत जंतू अडकलेले असतात, थर सुटतील तसे ते बाहेर पडतात, म्हणून खडा संपेपर्यंत औषध चालू ठेवायचे. आठ ते बारा आठवडेही लागू शकतात. दर चार आठवड्यांनी एक्स-रे काढावा आणि मागच्या एक्स-रेशी मापाने ताडून पाहावा. खडा लहान होत नसेल तर कारणे तीनच: खडा स्ट्रुव्हाइट नाही, जंतू औषधाला दाद देत नाहीत, किंवा घरातले कोणीतरी हळूच पोळीचा तुकडा टाकते आहे. अनुभव सांगतो की तिसऱ्या कारणाची चौकशी आधी करावी. या काळात बिस्कीट, चपाती, चिकनचा तुकडा काहीही नाही. गोळी द्यायची तर त्याच आहाराच्या घासात.

म्हाताऱ्या कुत्र्यात एक अडचण असते. या आहारांत चरबी जास्त आणि कुत्र्याने जास्त पाणी प्यावे म्हणून मीठही बरेचदा जास्त असते. ज्याला पूर्वी स्वादुपिंडाचा दाह झाला आहे, ज्याचे हृदय कमजोर आहे किंवा रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंड थकल्याची खूण) वाढले आहे, त्याला तो आहार त्रासदायक ठरू शकतो. पाकीट फोडण्यापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी. खडा विरघळला की हा आहार जन्मभर चालवण्याचे कारण नसते. संसर्गामुळे झालेला स्ट्रुव्हाइट परत येऊ नये म्हणून संसर्गावर नजर ठेवायची, लघवी वेळच्या वेळी तपासायची.

ऑक्झलेट विरघळत नाही, कशानेही नाही. त्रास देत असेल तर काढावाच लागतो, शस्त्रक्रियेने किंवा दुर्बिणीने, आणि काढल्यावरही काही वर्षांत पुन्हा होण्याची शक्यता मोठी. त्यावर स्ट्रुव्हाइटसाठीचा, लघवी आम्लधर्मी करणारा आहार दिला तर पुढच्या खड्याला आमंत्रणच. सामू सतत साडेसहाच्या खाली राहिला तर पशुवैद्य लघवीची आम्लता कमी करणारे पोटॅशियम सायट्रेट देतात. रक्तातले पोटॅशियम तपासल्याशिवाय ते घरच्या घरी सुरू करू नये. शिवाय लघवीत कॅल्शियम का वाढते आहे हे शोधायला हवे. रक्तात कॅल्शियम जास्त आहे का? त्वचेसाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड चालू आहे का? पोट सुटलेला, सतत पाणी पिणारा कुत्रा असेल तर कुशिंगचा आजार (शरीरातच कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त तयार होणे) आहे का? हृदयासाठी फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर त्यानेही लघवीत कॅल्शियम वाढते. ते मनाने बंद करायचे नाही, पण पशुवैद्याच्या कानावर घालायचे.

मग घरचा आहार. पालक, राजगिरा, अळू, बीट, रताळे, तीळ, शेंगदाणे हे ऑक्झलेटचे साठे, ते टाळावेत. दुधी, काकडी, कोबी, फ्लॉवर चालतात. नाचणी आपल्याकडे कुत्र्यांना सर्रास देतात, पण १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि ऑक्झलेटही असते. ऑक्झलेट खडा होऊन गेलेल्या कुत्र्याला रोज नाचणीची आंबील देण्यापेक्षा भात बरा. 'हाडे ठिसूळ होतील' म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याला वर्षानुवर्षे कॅल्शियमचे सिरप पाजण्याची आपल्याकडे रीतच पडली आहे. सांगितल्याशिवाय ते देऊ नये, आणि क जीवनसत्त्वाच्या व ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही देऊ नयेत. याचा अर्थ आहारातले कॅल्शियम शून्यावर आणायचे असा मात्र नाही. अन्नातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवते आणि विष्ठेवाटे बाहेर काढते. ते फार कमी केले तर मोकळे ऑक्झलेट रक्तात आणि तिथून लघवीत उतरते. दूध-पोळीवर वाढलेल्या कुत्र्याचे दूध बंद करून नुसती पोळी ठेवली, असे पथ्य बऱ्याच घरांत दिसते. त्याने खडा थांबत नाही, प्रथिने मात्र कमी पडतात आणि मांड्या वाळतात. घरचेच अन्न द्यायचे असेल तर पशुआहार जाणणाऱ्याकडून वजनानुसार मापे लिहून घ्यावीत.

खडा कोणताही असो, सर्वांत स्वस्त औषध पाणी. १० किलोच्या कुत्र्याला अन्नातले धरून दिवसाला ५०० ते ६०० मिलिलिटर पाणी लागते, उन्हाळ्यात जास्तच. ड्राय फूडमध्ये जेमतेम १० टक्के पाणी असते, म्हणजे १५० ग्रॅम दाण्यांतून मिळते १५ मिलिलिटर. डब्यातल्या ओल्या आहारात साधारण ७५ टक्के. ते परवडत नसेल तर १५० ग्रॅम दाण्यांवर दिवसभरात मिळून ३०० मिलिलिटर कोमट पाणी घालावे, पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यावे आणि पाण्यासकट वाढावे. पहिल्या दिवशीच लगदा केला तर कुत्रा तोंड फिरवतो. आठवडाभर पाणी हळूहळू वाढवत न्यावे. भिजवलेले अन्न उन्हाळ्यात तासभरही बाहेर ठेवू नये. चव लागावी म्हणून चिकन उकळलेले पाणी घालता येते, पण मीठ, कांदा, लसूण न घालता. बाजारातले सूपचे क्यूब तर नकोच. मूत्रपिंड, हृदय किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्या कुत्र्याला तहान लागावी म्हणून मीठ चारणे घातक आहे.

पाणी पुरते की नाही, हे सकाळच्या पहिल्या लघवीच्या विशिष्ट गुरुत्वावरून, म्हणजे ती किती दाट आहे यावरून, कळते. ते १.०२० च्या खाली हवे. माणसांची लघवी तपासायच्या पट्टीवरचा गुरुत्वाचा चौकोन कुत्र्याला लागू पडत नाही, रिफ्रॅक्टोमीटर हे मोजण्याचे उपकरणच लागते. आणि म्हातारा कुत्रा भिजवलेले दाणे खाऊनही घटाघट पाणी पीत असेल, लघवी पाण्यासारखी असेल, तर ते पथ्याचे यश समजू नये. मूत्रपिंड थकले असेल, मधुमेह असेल, कुशिंग असेल.

लघवीचा नमुना धुऊन कोरड्या केलेल्या पळीत धरावा आणि अर्ध्या ते एका तासात तपासला जावा. फ्रिजमध्ये ठेवलेल्या नमुन्यात थंडीने नवेच स्फटिक धरतात आणि रिपोर्टवर 'क्रिस्टल्स' लिहून येतात. नुसते स्फटिक दिसले म्हणजे खडा आहे असे नाही, आणि खडा असूनही स्फटिक न दिसणे शक्य आहे. कल्चरसाठी पळीतला नमुना कामाचा नाही, तो पशुवैद्याने सुईने थेट मूत्राशयातून घ्यावा.

शस्त्रक्रिया झाली की खडा शोभेला बाटलीत ठेवू नये. तो वाळवून कोरड्या डबीत घालून पृथक्करणाला पाठवावा. फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवण्याच्या द्रावणात) टाकला तर स्ट्रुव्हाइटचे रूप बदलते आणि निदान चुकते. इन्फ्रारेड पद्धतीने तपासणी होते का, हे प्रयोगशाळेला आधी विचारावे. खड्याचा गाभा एका प्रकारचा आणि कवच दुसऱ्या प्रकारचे असू शकते, म्हणून थरांचा वेगवेगळा अहवाल मागावा. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९८१ पासून जनावरांच्या मुतखड्यांचे केंद्र चालते. आपल्या पशुवैद्यक महाविद्यालयांनीही ही सोय माफक दरात, टपालाने खडे स्वीकारून करावी, अशी या पत्राद्वारे विनंती आहे. शस्त्रक्रियेनंतर लगेच, टाके घातल्या दिवशीच, एक एक्स-रे काढून एखादा खडा मागे राहिला नाही ना हे पाहायला हवे. पुढे ऑक्झलेटवाल्या कुत्र्याचा दर तीन ते सहा महिन्यांनी. खडा बारीक असतानाच सापडला तर मूत्राशय पाण्याने भरून, दाबून तो बाहेर काढता येतो, पोट फाडावे लागत नाही.

नराच्या शिश्नात हाड असते आणि त्याच्या मागेच खडा अडकतो. जोर लावूनही थेंब येत नाही, पोट ताणलेले आहे, उलट्या होत आहेत, अशा वेळी पाणी पाजत सकाळची वाट पाहू नये. रक्तातले पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकते. रात्र असली तरी दवाखाना गाठावा. घरातली डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी तर मुळीच देऊ नये.

शेवटी गृहनिर्माण संस्थांच्या कार्यकारिणींसाठी. कुत्र्यांना लिफ्ट बंद, अशी पाटी अजून कितीतरी इमारतींत आहे. भारतीय पशू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अशी सरसकट बंदी घालता येत नाही. संधिवाताने जखडलेला बारा वर्षांचा कुत्रा चार मजले दिवसातून पाच वेळा चढू-उतरू शकत नाही. मग फेऱ्या दोनवर येतात, लघवी दहा-बारा तास तुंबून राहते, आणि भांड्यात कितीही पाणी ओतले तरी ते मूत्राशयातच साचते. पाटी काढावी. कुत्र्याच्या मालकांनीही सोबत पाण्याची बाटली आणि जुने फडके ठेवावे.

आपला,
एक पशुवैद्य, पुणे