सुटी घराची, खाडा बाईचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्या लागल्या की आमच्या तालुक्यात एक प्रकार दरवर्षी ठरलेला आहे. नवरा-बायको दोघेही नोकरीवर, म्हणून मूल सांभाळायला रोज चार तास एक बाई ठेवलेली असते. घरचे लोक माहेरी, गावी किंवा देवदर्शनाला निघाले की तिला सांगितले जाते, "आता शाळा उघडली की ये." पैसे त्या दिवसापर्यंतचेच. मी स्वतः जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. विदर्भात उन्हापायी आमच्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीकडे उघडतात आणि मे-जूनचा पगार आम्हा सगळ्यांच्या खात्यात पूर्ण जमा होतो. बाईचा महिना द्यायची वेळ आली की मात्र त्याच घरात "काम नाही तर पैसे कशाचे?" हे ऐकू येते.

समजा, तिला महिना 3,000 रुपये ठरले. वर्षाचे 36,000 झाले, असे तिलाही वाटते आणि आपल्यालाही. मे-जूनचे 6,000 गेले, दिवाळीच्या सुटीचे दोन आठवडे गेले. हातात पडतात साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास. त्यात मे महिना असा, की शेतातही मजुरी नसते. निंदण पाऊस पडल्यावर, कापूस वेचणी दिवाळीच्या आगेमागे. वेचणीच्या दिवसांत गावातल्या बाया किलोवर चार पैसे जास्त कमावतात, तेव्हा ही मात्र आपले लेकरू सांभाळत आपल्या ओसरीवर बसलेली असते, कारण "तू नाही आलीस तर मला शाळेत जाता येणार नाही" असे आपणच तिला बजावलेले असते. आपल्या अडचणीला तिने हंगाम सोडायचा आणि आपल्या सुटीला तिने उपाशी राहायचे, हा कुठला हिशेब?

शेतीच्या कामाला वर्षभराच्या बोलीने सालगडी ठेवायची रीत आपल्याकडे जुनी आहे. गुढीपाडव्याला साल ठरते. रक्कम किती, धान्य किती, कपडे, उचल, सगळे चार माणसांसमोर बोलले जाते. पाऊस लागला आणि वावरात पाय ठेवता आला नाही, म्हणून मालक त्या दिवसाचे पैसे कापत नाही. पोळ्याला बैल दारी आले की घरची बाई ओवाळते, गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे सणाची ओवाळणी, ठेवते, आणि तो बोजारा सालाच्या रकमेत कोणी वळता करत नाही. (सालगड्याचे सगळे आलबेल आहे असे मुळीच नाही, उचलीत अडकलेले गडी आजही आहेत.) पण बैल राखणाऱ्याशी जे बोलून ठरवतो, ते मूल राखणारीशी ठरवायला आपली जीभ का अडखळते?

बक्षिसीचेही तसेच. एका बारशाला पाव्हण्यांनी बाईच्या हातावर शंभर-पन्नास ठेवलेले मी पाहिले. दिवसभर तीच बाळाला घेऊन होती. पुढच्या महिन्यात तिने उचल मागितली तर घरच्या आजी म्हणाल्या, "पाव्हण्यायनं देल्ले ना तुले, मंग?" पाव्हण्याने दिलेले ते तिचे. त्याचा आणि पगाराचा संबंध नाही. जुनी साडी आणि पुडाभर चिवडा म्हणजेही दिवाळी नव्हे. 1965 च्या बोनस कायद्याने कारखान्यातल्या कामगारासाठी वर्षाच्या पगाराच्या किमान 8.33 टक्के बोनस ठरवला, म्हणजे जवळजवळ एक महिन्याचा पगार. घरकामाला तो कायदा लागला नाही, पण माप म्हणून घ्यायला काय हरकत आहे? "ती आमच्याकडे दोनच तास येते" ही सबब इथे चालत नाही. दोन तासांचा पगार दीड हजार असेल तर दिवाळीही दीड हजारच होते. ती दोन घरी जात असेल तर दोघांनी आपापला वाटा द्यावा.

सुटी घराने घेतली तर पगार पूर्ण द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्या स्वतःच्या महिन्याला दोन सुट्या भरपगारी असाव्यात, त्यापुढचे खाडे खुशाल कापा. आणि तिचे सण तिचे असू द्या. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचे म्हणून आठवडाभर आधी सांगणाऱ्या बाईला "नेमके सणालाच कसे गं?" असे विचारणारी घरे मला ठाऊक आहेत.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे. 18 ते 60 वयाच्या घरकामगाराला मंडळाकडे नोंदणी करता येते. 2021 च्या कोरोना निर्बंधांत सरकारने 1,500 रुपयांची मदत जाहीर केली, तीही नोंदणी असलेल्यांनाच. खेड्यातल्या बाईला हे माहीतच नसते, आणि माहीत झाले तरी जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि एक दिवसाचा खाडा. कामगार विभागाने तालुक्याच्या ठिकाणी आठवडी बाजाराच्या दिवशी नोंदणीचे शिबिर घ्यावे. त्या दिवशी बाया तशाही येतात. आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक सोबत आणायला त्यांना कोणी आधी सांगितले, तर फेरीही वाया जाणार नाही.

– एक शिक्षिका, ता. दारव्हा, जि. यवतमाळ