चि. मुक्ता, पहिल्या ऑपरेशनची नोंद मागवून घे

चि. मुक्ता हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

काल पुन्हा दिवस राहिल्याची बातमी सांगून झाल्यावर माझ्या पहिल्याच प्रश्नावर तू चिडलीस आणि फोन ठेवलास. आनंद मला झाला आहे, फार झाला आहे. अण्णांना सांगितले तेव्हा ते काही न बोलता विहानचे फोटो काढून बसले. तरीही माझा प्रश्न तोच आहे, आणि फोनवर तू तो पुरा होऊ देणार नाहीस म्हणून लिहिते आहे. विहानच्या जन्माच्या रात्री, सिझेरियन करताना, तुझ्या गर्भपिशवीवर छेद कसा घेतला होता, आडवा की उभा?

तू म्हणालीस, व्रण आडवाच आहे, रोज दिसतो. दिसतो तो पोटाच्या कातडीवरचा. कातडीवर आडवा छेद घेऊनही आत गर्भपिशवीवर उभा छेद घेतलेला असू शकतो आणि बाहेरून पाहून ते कितीही अनुभवी डॉक्टरांना सांगता येत नाही. बहुतेक सिझेरियनमध्ये गर्भपिशवीच्या खालच्या, पातळ भागावर आडवा छेद घेतात. पण हा भाग दिवस भरत येतात तसा तयार होत जातो, आणि विहान तर २७व्या आठवड्यात आला, तोही पोटात आडवा असताना. इतक्या लवकर तो भाग पुरेसा रुंद झालेला नसतो, त्यामुळे बाळाला इजा न होता बाहेर काढण्यासाठी कधी कधी वरच्या जाड स्नायूत उभा छेद घ्यावा लागतो. तुझ्या बाबतीत तसे झालेच असे मी म्हणत नाही. मी पोहोचले तोवर सारे उरकले होते, आणि विचारले तेव्हा ‘सगळे व्यवस्थित झाले’ एवढेच उत्तर मिळाले. डिस्चार्ज कार्डावर ‘सिझेरियन’ यापुढे एक अक्षर नाही.

पुढे कोणाला त्या छेदाची आठवण राहणार होती? आपणा सर्वांचे डोळे काचपेटीवर होते. किलोभरही न भरलेले ते बाळ, आणि पेटीच्या गोल खिडकीतून आत गेलेला तुझा हात. त्याची सगळी मूठ तुझ्या करंगळीच्या पेराभोवती बसत होती. टाके ओले असताना तू दर तीन तासांनी उठून दूध काढायचीस, बाटलीवर नाव आणि वेळ लिहायचीस आणि भिंतीला धरून ती स्वतः विभागात नेऊन द्यायचीस. इतकी वर्षे प्रसूती विभागात नोकरी करून मी पुष्कळ धीराच्या बायका पाहिल्या, पण तुला त्या बोळातून जाताना पाहिले तेव्हा ही माझी मुलगी आहे, असे कोणाला तरी थांबवून सांगावेसे वाटले होते. हे तुला आजवर बोलून दाखवले नव्हते.

तुला या वेळी नैसर्गिक प्रसूती हवी आहे. माझा त्याला विरोध आहे असे तू धरून चाललीस, तसे नाही. ‘एकदा सिझेरियन म्हणजे नेहमीच सिझेरियन’ हे वाक्य तुला निखिलरावांच्या मावशींनी ऐकवले, ते मीही मानत नाही. १९१६ साली क्रेगिन या अमेरिकन डॉक्टरांनी ते लिहिले तेव्हा गर्भपिशवीवर सर्रास उभाच छेद घेत असत. खालचा आडवा छेद एकदाच झालेला असेल, तर कळांची वाट पाहणाऱ्या शंभरांपैकी साधारण साठ ते ऐंशी जणींची नैसर्गिक प्रसूती होते आणि कळांच्या वेळी जुना व्रण फाटण्याचा धोका साधारण दोनशेत एकीला असतो. तेवढा धोका योग्य रुग्णालयात, लक्ष ठेवून पत्करता येतो. छेद उभा असेल तर मात्र हिशेब पालटतो. कळा येतात तेव्हा आकुंचन पावतो तो वरचाच स्नायू, आणि व्रणही त्याच स्नायूत असतो. मग धोका शंभरांत चार ते नऊ जणींपर्यंत जातो, आणि कळा सुरू होण्याआधीही व्रण फाटू शकतो. म्हणून अशा बाईला कळांची वाट पाहू देत नाहीत, ३६व्या-३७व्या आठवड्यातच सिझेरियन करतात. एका कागदावरच्या एका ओळीवर हे सारे अवलंबून आहे, मुक्ता.

पुढचे लिहावे की नाही याचा मी बराच विचार केला. माझ्या कामाच्या पाळीत मी व्रण फाटलेला पाहिला आहे. कळा नीट येत होत्या, बाई बोलत होती, आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख एकदम खाली उतरला तो वर येईना. बहुधा तीच पहिली खूण असते. मग दोन कळांच्या मधेही न थांबणारे दुखणे, खाली आलेले डोके पुन्हा वर सरकणे, आईच्या नाडीची धाव, रक्तस्राव. यांतले प्रत्येकीत सगळे दिसतेच असे नाही. त्या दिवशी शस्त्रक्रियागृह शेजारीच होते आणि भूल देणारे डॉक्टर हजर होते, म्हणून दोघेही वाचली. तुला घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. घराजवळचे ते छोटे प्रसूतिगृह तुला आवडले आहे, तिथली माणसेही प्रेमळ असतील; पण रात्री दोन वाजता तिथे भूल देणारे डॉक्टर आणि रक्त मिळते का, हे आधी विचार. आणि आणखी एक. कळा आणण्यासाठी कोणी औषध देऊ लागले तर पहिल्या सिझेरियनची आठवण मोठ्याने करून दे. मिसोप्रोस्टॉलसारखी गोळी शेवटच्या महिन्यांत व्रण असलेल्या गर्भपिशवीला चालत नाही.

तुझा आता सहावा आठवडा चालू आहे. पहिली सोनोग्राफी पुढे ढकलू नकोस. साधारण दोन हजारांत एकीला गर्भ जुन्या व्रणाच्या खाचेतच रुजतो, आणि ते सहाव्या-सातव्या आठवड्यात आतून केलेल्या सोनोग्राफीत लवकर कळले तर उपाय सोपे पडतात. गर्भ जागेवर असल्याचे कळले की माझी निम्मी झोप परत येईल. नंतर विसाव्या आठवड्यात वार (प्लॅसेंटा) कुठे आहे ते नीट पाहायला सांग. वार खाली दिसली तरी लगेच धास्ती घेऊ नकोस, कारण गर्भपिशवी वाढते तशी ती बहुतेकींची वर सरकते. ३२व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहतात. पण वार खाली राहिली आणि नेमकी व्रणावर आली, तर तिथले अस्तर नीट नसल्यामुळे ती स्नायूत घट्ट रुतून बसू शकते आणि मग प्रसूतीनंतर सुटत नाही. वार खालीच राहिलेल्या बायकांत एका सिझेरियननंतर हे शंभरांत साधारण अकरा जणींना होते, दोन सिझेरियननंतर चाळीस जणींना. रक्तस्राव एवढा होतो की कधी गर्भपिशवीच काढावी लागते. आधी कळले असेल तर मोठ्या रुग्णालयात, रक्ताची तयारी ठेवून, दिवस ठरवून प्रसूती करता येते.

एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान दोन वर्षे तरी मोकळी हवीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तुझा विहान अजून वर्षाचाही नाही. व्रणाला भरून यायला वेळ लागतो हे तू माझ्याच घरात ऐकत लहानाची मोठी झालीस. हे वाक्य लिहून झाल्यावर मला वाईट वाटले. बाळ आले आहे, आणि आलेल्या बाळाला कोणी अंतराचा हिशेब विचारू नये. मला क्षमा कर. मात्र पहिल्या भेटीत डॉक्टरांना विहानची जन्मतारीख आपणहून सांग, कारण त्यांचा सल्ला त्यावरही ठरेल.

पुन्हा कागदावर आले, चिडू नकोस. डिस्चार्ज कार्डाची प्रत नको, ती माझ्याकडे आहे. शस्त्रक्रियेची सविस्तर नोंद हवी, जिच्यात गर्भपिशवीवर कोणता छेद घेतला, तो पुढे वाढवावा लागला का आणि टाके कसे घातले हे लिहिलेले असते. अर्ज तुझ्या सहीने, विहानची जन्मतारीख आणि तुझा नोंदणी क्रमांक घालून कर. क्रमांक कार्डावर उजव्या कोपऱ्यात आहे, मी फोटो पाठवते. तू आता दुसऱ्या गावी आहेस, म्हणून प्रत आणायला मी जाईन. त्यासाठी मला अधिकार दिल्याचे अर्जातच लिही. इतक्या घाईच्या शस्त्रक्रियेची नोंद सापडलीच नाही, तर तसे नव्या डॉक्टरांना स्पष्ट सांग आणि विहान २७व्या आठवड्यात, आडवा असताना झाला हेही सांग. त्यावरून डॉक्टर अंदाज बांधतील.

निखिलरावांना हे पत्र वाचायला दे. शेवटचे दोन महिने मी येऊन राहीन, विहानला मी सांभाळीन. सोनोग्राफीची वेळ ठरली की कळव. बोलायचे नसेल तर फक्त तारीख लिहून पाठव.

तुझी,
आई