सबमिशन ब्राउझरवर आणलंत ते चांगलं, पण रेंज गेली की काय?

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्याकडच्या एका कॉलेजने यंदापासून असाइनमेंट जमा करायचं जुनं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर बंद केलं आणि ब्राउझरमधे उघडणारं ॲप आणलं, आणि तेव्हापासून पालकांचं एकच चालू आहे की बरं चाललेलं कशाला बदललं. माझं लांजा तालुक्यात झेरॉक्स-प्रिंट-ऑनलाइन फॉर्मचं छोटं दुकान आहे, आधी जुन्यावरून आणि आता नव्यावरून, पोरं माझ्यासमोरच फाईली पाठवत बसतात. बदल करायलाच हवा होता. फक्त जुन्यातली एक सोय नव्यात आणायची राहून गेली आणि आपल्या भागात तिचीच सगळ्यात जास्त गरज होती.

जुन्याचं कौतुक करणाऱ्यांनी जरा आठवून बघावं. प्रत्येक मशिनवर वेगळं इन्स्टॉल करा, ते चालायला जावा नावाचं दुसरं सॉफ्टवेअर लागायचं, त्याचं व्हर्जन जुळलं नाही तर उघडणारच नाही, ॲडमिन पासवर्ड एका सरांकडे आणि सर नेमके रजेवर. जावाच्या ज्या वेब स्टार्ट नावाच्या भागावर ते चालू व्हायचं तो तर २०१८ साली जावा ११ मधून काढूनच टाकलं, म्हणजे जुनं जावा धरून बसायचं. लॅबमधे अजून विंडोज ७ च्या मशिनी, तिचा सपोर्ट जानेवारी २०२० मधे संपला, विंडोज १० चा पण ऑक्टोबर २०२५ मधे संपला. आणि मुळात किती पोरांकडे घरी कॉम्प्युटर आहे हो? मोबाईल मात्र सगळ्यांकडे आहे. ब्राउझरवर असलं की इन्स्टॉलची भानगड नाही, चूक सापडली तर सर्व्हरवर एकदाच सुधारा, सगळ्यांकडे सुधारलं.

पण त्या जुन्या सॉफ्टवेअरमधे एक रांग होती. सबमिट दाबलं आणि नेट नसलं तर फाईल पिवळ्या खुणेने रांगेत थांबायची, नेट आलं की आपोआप जाऊन हिरवी व्हायची, आणि दाबल्याची वेळ नोंदली जायची. पोरं मशिन चालू ठेवून चहाला जायची. नव्यात काय होतं, जर्नलचे मोबाईलवर काढलेले फोटो निवडले, गोल फिरायला लागलं, ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर लाईट गेली की वायफाय बंद, की परत पहिल्यापासून. तोवर सेशन संपलेलं. परत लॉगिन, लॉगिनला ओटीपी, आणि ओटीपी मोबाईलवर. वाडीत वायफाय आहे पण मोबाईलला रेंज नाही अशी घरं आपल्याकडे ढिगाने आहेत, मग पोरगी ओटीपीसाठी पावसात छत्री घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळावर जाते, ओटीपी घेऊन खाली येईपर्यंत त्याची मुदत संपलेली. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्या दुकानात येऊन रडलेली पोरं आहेत. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडकडे कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, तसली वेळ परत आली तर हे ॲप काय करणार?

बरं, ब्राउझरला हे जमत नाही असं नाही हो. ब्राउझरमधे स्वतःची साठवण असते, इंडेक्स्डडीबी म्हणतात, फाईल आधी तिच्यात ठेवायची. सर्व्हिस वर्कर, म्हणजे ब्राउझरमधे मागे चालणारा छोटा प्रोग्रॅम, वापरला तर नेट नसताना पण पान उघडतं. फाईल सर्व्हरला एका दमात न ढकलता छोटे छोटे तुकडे करून पाठवायची, तुटलं तर शेवटच्या तुकड्यापासून पुढे. फोटो पाठवण्याआधी मोबाईलमधेच बारीक करता येतो, जर्नलच्या पानाला चार एमबीचा फोटो कशाला हवाय? हे सगळं कित्येक वर्षं उपलब्ध आहे, बनवणाऱ्याने मुंबई-पुण्यात फायबरवर बसून टेस्ट केलं असणार म्हणून गरज दिसली नाही इतकंच.

मला खरं पटतं ते वेगळंच. फाईलचा ठसा आधी पाठवा. शा-२५६ नावाची रीत आहे, कितीही मोठी फाईल दिली तरी त्यातून ६४ अक्षर-आकड्यांची एक ओळ निघते, फाईलमधे एक स्वल्पविराम बदलला तरी ओळ पूर्ण बदलते. ब्राउझर ती नेटशिवाय काढू शकतो. एवढीशी ओळ एक कांडी रेंजवर पण जाते, अगदी एसएमएसने पाठवली तरी १६० अक्षरांत सहज बसते. सर्व्हरने ओळ आली ती वेळ धरायची, फाईल सकाळी लाईट आल्यावर येऊ दे, ठसा जुळला की वेळेत जमा. पोराने रात्रीत काही बदललं असा संशय घ्यायला जागाच राहत नाही, आणि पोराच्या हातात पावती राहते, जी आत्ता मिळतच नाही.

दुकानदार म्हणून एक सांगतो, साठवण करताना दुकानातल्या मशिनचा पण विचार करा. एकाची फाईल ब्राउझरमधे राहिली आणि पुढच्या पोराने उघडली तर आयती कॉपी. लॉगिन करतानाच हे मशिन तुमचं स्वतःचं आहे का हे विचारा, नाही म्हटलं तर बाहेर पडताना सगळं पुसा.

आणि घाई करू नका. मुंबई विद्यापीठाने २०१७ मधे पेपर स्क्रीनवर तपासायला घेतले तेव्हा निकाल किती रखडले ते रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पोरांनी भोगलंय, शेवटी कुलगुरूंना पदावरून काढलं. एखादं सत्र जुनं-नवं दोन्ही चालू ठेवलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं?

सध्या एवढं तरी करा की ओटीपी ईमेलवर पण येऊ दे आणि गणपतीच्या दिवसांत शेवटची तारीख लावू नका. चाकरमानी आले की टॉवर तेवढाच आणि मोबाईल दुप्पट, साधा व्हॉट्सॲपचा फोटो जाईना होतो, तिथे जर्नल कुठून जाणार.

आपला,
एक दुकानदार वाचक, ता. लांजा, जि. रत्नागिरी