भीतीचा रंग काळाच

आपल्या रविवार पुरवणीतील भयकथांवरचा लेख आवडला, पण त्यात चित्रकथांना एक ओळही मिळू नये याची रुखरुख लागली.

अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्सवर आचारसंहिता आली आणि भयकथांचे रंगीत अंक जवळपास संपले. जेम्स वॉरन या प्रकाशकाने १९६४ मध्ये पळवाट काढली. ‘क्रीपी’ म्हणे कॉमिक नव्हेच, मोठ्या आकाराचे कृष्णधवल मासिक! मासिकांना ती संहिता लागू नव्हती. पाठोपाठ ‘ईरी’ आणि ‘व्हॅम्पिरेला’ही आली.

आतल्या बहुतेक पानांत रंग नव्हते, याचे चित्रकारांनी सोने केले. स्पायडरमॅनचा सहनिर्माता स्टीव्ह डिटको पातळ शाईच्या छटांनी धुके उभे करी. अ‍ॅलेक्स टॉथ अर्धी चौकट खुशाल काळी करून टाकी. बर्नी राइटसन तर केसाकेसाची रेघ ओढत बसे. (मुखपृष्ठे मात्र रंगीत. त्यातली फ्रँक फ्रॅझेटाची आजही भिंतीवर लावावीत अशी.) कथा सगळ्याच थोर नव्हत्या. कित्येकींचा शेवट तिसऱ्या पानावरच कळतो, तरी चित्रांसाठी पाने उलटली जातात. १९८३ मध्ये वॉरनची कंपनी दिवाळखोरीत गेली.

हल्ली ही पाने कोणी संगणकावर रंगवून फिरवताना दिसते. पुढे कधी या विषयावर लिहिलेत, तर चित्रे मूळ काळ्या-पांढऱ्यातच छापावीत, ही विनंती. तळघराच्या जिन्याला जांभळा रंग दिला की खाली कोण उभे आहे, याची धास्तीच उरत नाही.

— एक वाचक, डोंबिवली