पोटावर दिवे असलेला मासा

मालवण,
रविवार, रात्र

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार. तीन महिने तुला ओळसुद्धा लिहिली नाही. रागावला असशील, हक्कच आहे तुझा. आम्ही सगळे बरे, माझा गुडघा तसाच.

आज एका ट्रॉलरवाल्याने खोल पाण्यातला मासा दिला. बोटाएवढा, डोळे टपोरे, पोटावर मोत्यासारखे ठिपके ओळीने. कंदीलमासा! असा मासा नसतोच म्हणून दहावीत पैज मारली होतीस. पाच रुपये काढून ठेव.

२०० मीटरच्या खाली उजेड म्हणजे निळसर झाक तेवढी. तांबडा रंग वरच्या वरच विरतो, म्हणून तिथे लाल मासा काळा दिसतो. तेवढा उजेड टिपायला याचे डोळे मोठे, आत मंद प्रकाशाच्या दंडपेशी खच्चून भरलेल्या. खालून शिकाऱ्याने पाहिलं तर अंगाची सावली दिसू नये म्हणून हा पोटावरचे दिवे लावतो, वरून झिरपणाऱ्या उजेडाला जुळतील इतकेच. रात्री खायला वर येतो, पण लख्ख चांदणं असलं की बराच खाली थांबतो. चांदण्याला बिचकतो रे!

आणि आपला बाळू एलईडीच्या बोटीत, म्हणजे लख्ख दिव्यांनी मासे ओढून धरणाऱ्या बोटीत, पैसे घालायला निघालाय. जनरेटर, दिवे, कर्ज, जामीन मी. केंद्राने २०१७ मध्येच अशा मासेमारीला बंदी घातली, हे त्याला पाठ आहे. "काका, सगळेच लावतत, आमीच उपाशी रवाचा?" म्हणाला आणि डोळे पुसले. काय बोलू? किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढून हात सोलतात आणि टोपलीभर बांगडा येत नाही, हे मीही बघतोच. रात्री खळ्यात बसलं की समुद्रात शहर वसल्यासारखं दिसतं. त्या झगझगाटात पोटावरच्या मिणमिणत्या दिव्यांचं काय चालणार?

खडपात कुर्ल्या धरताना तू माझी गॅसबत्ती विझवली होतीस, आठवतं? आठ दिवस बोललो नव्हतो. तूच बरोबर होतास.

बाळूला मासा दाखवला. तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला. "ह्येचे दिवे आता पेटाचे नाय मा?" एवढंच विचारलं.

मी सही करणार नाही. माझी होडी आणि जाळी त्याला द्यायची ठरवलीय. पण माझ्या तोंडून ते नकारासारखं ऐकू येईल. तुझं तो ऐकतो. शुक्रवारी बँकेत जायचंय, त्याआधी त्याला फोन कर.

वहिनींची बदली झाली का? चिनूला पास झाल्याबद्दल शाबासकी.

तुझा,
वासू