मन होण्याची वाट पाहू नकोस

फोंडा

प्रिय मंगेश,

काल वहिनींशी फोनवर बोललो. चवथीला तू गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला उठला नाहीस, आरतीला पखवाज काढला नाहीस, आणि वर ‘मी आळशी झालोय’ म्हणून स्वतःलाच बोल लावतोस, हे ऐकून राहवेना. तू आळशी नाहीस रे, हे नैराश्य आहे. 2018 च्या मार्चमध्ये खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभा आणि बँकेचे हप्ते चालू. ते सगळं तू वर्षानुवर्षं मुकाट्यानं सोसलंस.

ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक सुटतं. संकट टळलं की मेंदूच ते आवरतं घेतो. पण ताण हटतच नाही, तेव्हा पुष्कळांचा हा लगाम सैल पडतो आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या कामाला त्याची झळ लागते. डोपामिन म्हणजे सुख, असं सर्रास लिहितात; मला ते अर्धवट वाटतं. त्याचं मोठं काम ओढ लावण्याचं. माकडांवरच्या प्रयोगांत मेंदूशास्त्रज्ञ वुल्फ्राम शुल्ट्झ यांना दिसलं, की एकदा सवय झाली की डोपामिनच्या पेशी बक्षिसापेक्षा त्याच्या चाहुलीला उसळतात. तुझी ती चाहूलच मंदावलीय.

उंदरांना आठवडेच्या आठवडे बारीकसारीक त्रास दिला, ओला भुसा, तिरका पिंजरा, रात्रभर दिवा, तर ते साखरेचं पाणीसुद्धा पूर्वीसारखं पीत नाहीत. नैराश्यावरच्या औषधानं ती गोडी परतते, पण काही आठवड्यांनी. म्हणून सांगतो, ‘फरक नाही’ म्हणत गोळ्या मध्येच सोडू नकोस.

आणि मन झालं की वाजवीन, असंही म्हणू नकोस. आधी हात हलवायचे, मन मागाहून येतं. आपल्याच गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी हे प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून पाहिलं. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांत लहानसहान कामांकडे परत वळवलं. नेहमीच्या उपचारांना ही जोड मिळालेल्यांत जास्त जण सावरले. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं.

जगणंच नको, असं कधी मनात आलं तर मध्यरात्रीही मला उठव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 सुद्धा दिवसरात्र चालू असतो.

गुरुवारी सकाळी मी डिचोलीला येतो, आपण बांबोळीच्या मानसोपचार इस्पितळात जाऊन येऊ. तोवर एकच काम कर. पखवाज खाली काढ आणि धुमेला, त्या खर्जाच्या बाजूला, कणीक लाव. वाजवला नाहीस तरी चालेल.

तुझा,
सुहास